ज्याची फडात जमीन नाही

भटू,

तुझ्या दारावर बसायला मी आलो नाही. गंधमुक्तीलाही आलो नाही. गावात त्यावर बोलणं झालंच असेल, आणि जे बोलले त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या भावाचा, रतनचा फोन आला तेव्हा मी ओडिशात नव्या रस्त्याच्या कामावर पोकलेनच्या केबिनमध्ये होतो. "भाऊ गया," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, कोणता भाऊ? माझ्या डोक्यात तू नव्हतासच. आपल्या दोघांत आधी जायचं ते मीच, असं मी धरून चाललो होतो. दरडीखाली मी असतो, घाटात रात्रपाळी मी करतो, परक्या मुलखातलं पाणी मी पितो. तू तर बंधाऱ्यावर बसून बोलणारा माणूस. नंदुरबारला खत घ्यायला गेलेल्या माणसाचं काळीज दुकानाच्या पायरीवर थांबतं, हे मला अजून पटत नाही.

बकेट मातीनं भरलेली होती. ती मी आधी रिकामी केली, मशीन बंद केली आणि मग खाली उतरलो. गाडीनं दोन दिवस लागतात. माती तर त्याच संध्याकाळी होणार होती. मी खाली उभा राहून हाच हिशेब करत होतो, आणि हेल्पर विचारत होता, उस्ताद, डिझेल संपलं का?

मग परत वर चढलो. केबिनमध्ये एकाच माणसाची जागा असते. त्या दिवसापासून मी तिथे तुझ्याशी बोलतो. हेल्परला वाटतं मी फोनवर आहे.

तुला ठाऊक असलेलंच आता थोडं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत आपल्या गावाकडचे नसलेलेही असतील. खांडबाऱ्याच्या अलीकडे, नदीवर दगडी बंधारा असलेलं आपलं गाव. बंधारा कोणी बांधला ते कोणालाच सांगता येत नाही. तुझे आजोबा म्हणायचे राक्षसांनी, शाळेत गुरुजी म्हणायचे कुठल्याशा राजानं, आणि तू म्हणायचास, आपल्यासारख्यांनीच, म्हणून तर नाव राहिलं नाही. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली. प्रत्येक शेतकऱ्याची एक-एक पट्टी चारही फडांत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. गहू तर सगळ्यांचा गहू, ऊस तर सगळ्यांचा ऊस. एका फडात ज्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, त्याचं दुसऱ्या फडात शेवटाला. म्हणजे पहिलं पाणी कोणालाच कायमचं नाही, आणि शेवटचं पाणीही कोणाच्या नशिबी कायमचं नाही.

आणि पाणी कमी पडलं तर माणूस वगळायचा नाही, फड वगळायचा. एखाद्या वर्षी चारातले दोनच फड भिजवायचे. सगळ्यांचंच निम्मं पीक जायचं, पण एकट्याचं सगळं कधी गेलं नाही. ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा आपण दोघंही चौथीत होतो आणि ती तुला तुझ्या आजोबांनी सांगितलेली होती. शेवटची सांगितलीस तेव्हा तुझा घसा बसलेला होता आणि मी म्हणालो, भटू, झोप आता.

माझे वडील त्या फडाचे जागल्या. उभ्या पिकाची राखण त्यांच्याकडे. ढोरं, रानडुकरं, चोर, सगळ्यांवर नजर. कोण्या एकाचे नोकर नाहीत, पूर्ण फडाचे. खळं झालं की ज्याच्या त्याच्या वाट्यातून आमच्या घरी धान्य यायचं. आमचं घर पाटाच्या पलीकडे. आमची जमीन कुठल्याच फडात नाही, तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

तू हे सगळं सांगताना तुझे डोळे चमकायचे, आणि मी ऐकताना मला माझे वडील दिसायचे. आपल्या वादाचं मूळ इथेच होतं. तुला फड दिसायचा पाटाच्या तोंडाकडून आणि मला दिसायचा बांधावरून.

फड कसा मोडला हे गावात कोणी नीट सांगत नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट करतो. पण तुझ्या बापूंनी गव्हाच्या फडात पपई लावली हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःची बोअर मारली, ठिबक टाकलं, आणि म्हणाले, माझं पाणी माझ्या जमिनीखालून येतं, पाटाचा एक थेंब घेत नाही, मग कोणाच्या पोटात का दुखावं? पुढच्या वर्षी आणखी दोन बोअर झाल्या. मग एकानं मिरची लावली, एकानं केळी. पाट साफ करायच्या दिवशी निम्मी माणसं आली, त्यानंतर तीही आली नाहीत. प्रत्येकाचं पीक वेगळं, कापणी वेगळी, कुंपण वेगळं. सगळ्यांचा राखणदार म्हणून जो माणूस होता त्याला राखायला काही उरलं नाही. त्या वर्षी आमच्या घरी खळ्यावरून धान्य आलं नाही, आणि मी आठवीतून शाळा सोडली.

तुझी शाळा चालू राहिली. पपईनं तुला नंदुरबारच्या कॉलेजात घातलं, पपईनंच इतिहास घेऊन एम.ए. केलं. यावरून मी तुला छळायचो. तू एकत्र राहण्याबद्दल बोलायला लागलास की मी म्हणायचो, "तू फडनं पुरान शिकना ते पपईवर." तू हसायचास. एकदाच चिडलास आणि म्हणालास, "आनी तू पोकलेन शिकना, ती काय फडनी शिकाडी?" मग मीही हसलो. दोघंही फडानं नाही, फड मोडल्यानं शिकलो होतो.

पण तू कॉलेजात जे शिकायचास ते एकट्यानं ठेवत नव्हतास. शनिवारी एस.टी.नं गावी आलास की आधी आमच्या घरी. मी तेव्हा वीटभट्टीवर जायचो, अंग दुखत असायचं, आणि तू येऊन बसायचास पुस्तक घेऊन. सिंधूकाठची शहरं, त्यांच्या विटा, त्यांच्या नाल्या. मला झोप यायची, मग तू माझ्या आईलाच सांगायला लागायचास. आई भाकरी थापत हो हो करायची आणि तू गेलास की मला म्हणायची, "या पोऱ्याले बायको भेटी ना रे?" तुला बायको भेटली आणि तिनं तुझं सगळं ऐकून घेतलं, हे आईला फार आश्चर्याचं होतं.

पुढे मी हेल्पर म्हणून मशीनवर लागलो, गुजरात, मग तेलंगण, मग हे ओडिशा. तू वाचलेलं फोनवर सांगायचास. तू एम.ए. झालास आणि मला निम्मा एम.ए. केलंस. आज मी हे चार शब्द नीट लिहू शकतो, ते आठवीपर्यंतच्या शाळेमुळे नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू लगेच म्हणाला असतास, मग आता ये गावाला. त्या भीतीनं म्हटलं नाही.

तुझं म्हणणं साधं होतं आणि तू ते कधी बदललं नाहीस. माणसं एकत्र येऊन असं काही उभं करतात ज्याचा पहिला फायदा त्यांना स्वतःला मिळेलच असं नसतं, तेव्हा संस्कृती वर येते. पाट खोदणारा स्वतःच्या शेतापर्यंतच खोदत नाही, तो शेवटच्या शेतापर्यंत खोदतो. मग पिढ्या जातात, पोट भरतं, आणि माणसाला वाटायला लागतं की हे सगळं आपोआप आहे. तो म्हणतो, माझं मी बघेन. तो चुकत नाही, त्याचं त्याला बघता येतंच. फक्त सगळेच तसं म्हणायला लागले की पाटात गाळ साचतो. मोठमोठी शहरं शत्रूनं पाडली असं आपण वाचतो, तू म्हणायचास, शत्रू आला तेव्हा आत गाळ होताच.

मी म्हणायचो, नदीनं पात्र बदललं असेल, पाऊस पडला नसेल, रोगराई आली असेल. मोबाइलवर मीही पाहिलं होतं. तू म्हणायचास, नदी सगळ्यांसाठीच बदलली ना? मग नवा पाट का नाही खोदला?

मी म्हणायचो, पाट खोदायला आता माणसं लागत नाहीत. मी आठवडाभर मशीन घेऊन आलो तर आपला पूर्ण पाट साफ करून देतो, गावानं नुसती सावलीत बसून चहा प्यावा.

त्यावर तू जे म्हणालास ते मला केबिनमध्ये रोज ऐकू येतं. "पोकलेन पाट साफ करी रे गुलाब. पन पाट कोना शे, हाई पोकलेन सांगाव नही."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इथे रस्त्याच्या कडेला खोदताना माझ्या बकेटला विटा लागल्या. आजकालच्या नाहीत, रुंद, चपट्या. मी मशीन थांबवली, खाली उतरलो. विटांची एक नाली होती, सरळ गेलेली, आणि तिला दोन्ही बाजूंनी बारक्या नाल्या येऊन मिळालेल्या. मी सुपरवायझरला सांगायच्या आधी तुला फोटो पाठवला. पुढे पुरातत्त्व खात्याची माणसं आली, जागेभोवती फीत लावली, आम्हाला दुसऱ्या तुकड्यावर पाठवलं. पण तोपर्यंत तू फोटो मोठा करकरून बघितला होतास आणि तुझा आवाज फोनवर कापत होता. देख, तू म्हणालास, घरं वेगवेगळी, नाली एकच. या लोकांनी आधी नाली बांधली, मग घरं. हेच तर मी सांगतो.

मी दिवसभराच्या उन्हानं वैतागलेलो होतो. मी विचारलं, "आनी ती नाली साफ कोन करे?"

मग मी थांबलो नाही. म्हणालो, भटू, तुझी ही सगळी शहरं मला माहीत आहेत. सगळ्यांचा पाट, सगळ्यांची नाली, सगळ्यांचा फड. आणि त्यात एक माणूस असा असतो की तो सगळ्यांचा असतो. माझे वडील सगळ्यांचे होते. कोणीही हाक मारावी आणि त्यांनी जावं. कोणाला नाही म्हणायची सोय नाही, कारण धान्य सगळ्यांकडून यायचं. आणि त्यांच्या छातीत पाणी झालं तेव्हा दवाखान्यात न्यायला बैलगाडी कोणाची, यावर गावानं अर्धा दिवस घालवला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसरा नेईल. मी एकटा बाहेर पडलो, एकट्यानं कमावलं, म्हणून माझी मुलगी आज नंदुरबारला नर्सिंगला आहे. मी फडाचा राहिलो असतो तर ती आज कोणाच्या बांधावर असती? तुझी संस्कृती चढते तेव्हा आम्ही खाली, उतरते तेव्हाही आम्ही खाली. मधल्या गडबडीत कोणी निसटला तर तेवढाच सुटतो.

एवढं मी तुला कधी बोललो नव्हतो. तू "हा" म्हणालास आणि फोन ठेवलास. मला वाटलं तुटलं आता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुन्हा प्रश्न बराबर शे. माले रातभर उत्तर नही सापडनं."

भटू, मी आयुष्यात शिकलेल्या माणसांकडून पुष्कळ उत्तरं ऐकली. उत्तर सापडलं नाही असं मला फोन करून सांगणारा तू एकटाच. मी तेव्हा काय म्हणालो, तर म्हणालो, बरं बरं, जेवतोय मी. तुझा आदर करायला मला तेवढीच जागा सापडली.

त्यानंतर तू कामाला लागलास. बोअर आटायला लागल्या होत्या, हे तुझ्या कामी आलं. जे तुला फडवाला वेडा म्हणायचे तेच बंधाऱ्यावर येऊन बसायला लागले. चारपैकी एक फड पुन्हा चालू करायचा ठरलं, गव्हाचा. दगा आप्पा, ज्यांचं शेत त्या फडाच्या अगदी शेवटाला, ते सगळ्यात आधी तयार झाले. तू म्हणालास, शेवटच्याला पटलं म्हणजे खरं. तोंडाशी शेत तुमचंच होतं, तुझं आणि रतनचं. रतन कुरकुरला. आपल्या शेतावरून पाणी पुढे जाताना बघत बसायचं? तू त्याला काय सांगितलंस माहीत नाही. पाट साफ केलात, फावड्यांनी. मी मशीन भाड्यानं बघून देतो म्हणालो तर नको म्हणालास.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू नियमात घातलंस. नव्या फडात जागल्या आणि पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा, हे दोघं बैठकीत इतरांच्या शेजारी बसतील, त्यांचं मत इतरांइतकंच, आणि त्यांचा वाटा आधी काढायचा, मग बाकीच्यांनी धान्य घरी न्यायचं. तू मला हे सांगितलंस तेव्हा पोराला बक्षीस मिळाल्यासारखा तुझा आवाज होता. मी म्हणालो, बघू किती दिवस टिकतं.

खरं सांगू? त्या संध्याकाळी मी कॅम्पच्या मागे जाऊन बराच वेळ एकटा बसलो. माझे वडील बैठकीत बसलेले मी डोळ्यांसमोर आणत होतो. खाली नाही, बांधावर नाही. इतरांच्या शेजारी. मला ते नीट आणता येईना. तुला सांगायला हवं होतं.

मग तू ते मागितलंस, जे मागणार हे मला ठाऊक होतं. आपल्या गावचा जुना रिवाज, पाटकरी तोच, ज्याची फडात जमीन नाही. जमीन असली की माणसाचा हात आपल्या शेताकडे थोडा तरी झुकतो. गावात आता बिनजमिनीचा आणि तरीही सगळ्यांनी ऐकावं असा माणूस कुठे आहे? "तू ये," तू म्हणालास. "पानी वाटाले तू ये."

मी म्हणालो, बघतो.

दिवाळीला आलो तेव्हा आपण बंधाऱ्यावर गेलो. पाणी पाटात सोडलेलं होतं आणि तू माझ्याकडे बघत होतास, पाण्याकडे नाही. मी पाण्याकडे बघत होतो. मी मुलीच्या फीचं बोललो, इथल्या मशीनचं बोललो, नव्या ठेकेदाराचं बोललो. उठताना एवढंच म्हणालास की तोपर्यंत मी सांभाळतो, पण माझी जमीन तोंडाशी आहे, हे बरं नाही. तोंडाशी जमीन असलेल्या माणसानं पाणी वाटू नये, हे तू स्वतःबद्दल म्हणत होतास. तुझ्यावर कोणी शंका घेतली नव्हती. घेण्याआधीच तुला ती टोचत होती.

मी परत ओडिशाला आलो. तू दर पंधरवड्याला विचारायचास आणि मी दर पंधरवड्याला म्हणायचो, बघतो. नाही म्हणालो असतो तर तू दुसरा कोणी शोधला असतास. हो म्हणालो असतो तर यावं लागलं असतं. मला गावाची भीती वाटते, भटू. परक्या ठिकाणी कोणी मला ओळखत नाही, आणि म्हणून कोणी मला कोणाचा पोरगा समजून हाक मारत नाही. ती मोकळीक सोडायची हिंमत नव्हती. हे तुला कळत होतं का? कळत असेल. म्हणूनच तू जोर केला नाहीस. केला असतास तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, आणि हे वाटणंही सोयीचंच आहे.

तू गेल्यावर काय झालं ते सांगतो, कारण ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

गहू उभा आहे. दाणा धरायच्या आधीचं पाणी, जे चुकलं तर गहू बारीक राहतो, त्याची बारी आली. आणि तुमच्या शेताची मोरी, पाटातून पाणी आत घ्यायची, ती उघडी राहिली. रतननं उघडी ठेवली की कोणी बंदच केली नाही, देव जाणे. पाटातलं पाणी आधीच कमी, ते तोंडाशीच मुरायला लागलं. पुढच्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही. सुतकाच्या घराचं पाणी बंद कोण करणार? तू ज्या फडासाठी जीव टाकलास त्याच फडात तुझ्या शेताला चार घागरी जास्त गेल्या तर गेल्या, असं ज्याला त्याला वाटलं. एकेकटा बघितलास तर प्रत्येकजण भला वागला. फक्त दगा आप्पांचा गहू पिवळा पडायला लागला. मग मधल्या एकानं आपलीही मोरी फोडली. त्याला दिसत होतं की कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एकानं.

दगा आप्पांचा फोन मला आला. दुपारची सुट्टी होती, मी डबा उघडलेला.

"गुलाब, पानी येत नही शे मन्हा शेतपावत."

मी म्हणालो, आप्पा, रतनला सांगा ना.

"सुतकना घरले मी काय सांगू? तठे मन्हा डोयासमोर भटूना फोटो ऱ्हास." मग तेच म्हणाले, "तू सांग. तुले जमीन नही. तू आठे बी नही. तुन्हं कोनी वाईट मानाव नही."

मी म्हणालो, बघतो. सवयीनं तोंडातून तेच आलं. आप्पा म्हणाले, "बघतो नको म्हनू बेटा. गहू थांबाव नही."

मी डबा तसाच बाजूला ठेवला. रतनला फोन करायचं मला सुचलं, पण रतनशी बोलून ते झालं नसतं. मी वहिनींना लावला. तुझ्या नावाचं शेत आता त्यांचं आहे. तू गेल्यापासून त्यांच्याशी मी एकदाच बोललो होतो आणि तेव्हा दोघंही रडण्याशिवाय काही बोललो नव्हतो. आता मी मोरीबद्दल बोलत होतो. माझा आवाज मला परक्याचा वाटत होता, कार्यालयातल्या माणसाचा.

त्यांनी सगळं ऐकलं. मग हळू म्हणाल्या, "त्यास्नं शेत शे ते, भाऊ. त्यास्ले जाऊन महिना बी नही व्हयना."

तुझ्या शेतातला गहू तू पेरलेला. तुझ्या हातचं ते शेवटचं पीक. त्याला भरपूर पाणी मिळावं, ते उंच व्हावं, असं मलाही वाटत होतं. इथे हजार कोसांवर बसून मला तो गहू दिसत होता. आणि मी म्हणालो, "वहिनी, मोरी बंद करा लागी. पहिलं पानी दगा आप्पाले जाई, मंग खालतून वर."

त्यांनी फोन ठेवला. मी डबा न जेवताच बंद केला. हेल्पर म्हणाला, उस्ताद, घरी कोणी आजारी आहे का?

त्या दिवशी मी मशीन नीट चालवली नाही. सुपरवायझर दोनदा ओरडला. मला एवढंच दिसत होतं, की मी तुझ्या दारावर बसायला आलो नाही, आणि तुझ्या घरी मी पाठवलेली पहिली गोष्ट ही. तू असतास तर माझ्याआधी जाऊन तीच मोरी बंद केली असतीस, हे मला माहीत आहे. पण तू ती केली असतीस तुझ्या शेताची. मी केली तुझ्या बायकोच्या शेताची, आणि तीही फोनवर. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. मोरी वहिनींनी स्वतः जाऊन बंद केली. रतनही त्यांच्यासोबत होता. त्यांना बघून मधल्या दोघांनीही आपापल्या मोऱ्या बुजवल्या. पाणी पुढे सरकायला लागलं आहे, उद्यापर्यंत शेवटाला पोचेल, असं आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. मलाही झाला नाही.

वहिनी अजून माझा फोन उचलत नाहीत. उचलावा असा माझा हक्कही नाही. त्यांनी मला माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांना एवढंच कळावं, की ते सांगणं मला सोपं गेलं नाही.

काल आणखी दोघांचे फोन आले. एकाला रात्रीची बारी नको, दिवसाची हवी. दुसरा म्हणतो, आपल्याला अर्धा तास कमी मिळाला. मी दोघांचं ऐकलं, जेवणाच्या सुट्टीत, हातातला घास हातात. दोघांना काय करायचं ते सांगितलं. ऐकतील की नाही माहीत नाही. माझे वडील असते तर त्यांनी हात जोडून सांगितलं असतं. मी हात जोडले नाहीत, फोनवर ते दिसलेही नसते.

फड टिकेल का, मला सांगता येत नाही. तुझी मोठमोठी शहरं टिकली नाहीत, त्यांच्याकडे तर विटा होत्या. आपल्याकडे एक फड आहे, तोही गव्हाचा, आणि पाणी वाटणारा ओडिशात. मी वैशाखात येतोय. किती दिवसांसाठी ते ठरवलेलं नाही. हे तुला आधी सांगितलं असतं तर तू लगेच पुढचं मागितलं असतंस, आणि मला ते ऐकायचं आहे.

दगा आप्पांचं शेत भिजून झालं. त्यांच्या वरचंही झालं. पाणी आता एकेक शेत करत वर येतंय.

तुझ्या गव्हाला त्याच्या बारीनं मिळेल, भटू. सगळ्यात शेवटी.